डाळिंबी की अंजिरी

१

शनिवारी दिव्याखाली तंतोतंत जुळलेला रंग रविवारी संध्याकाळी त्याच दिव्याखाली जुळेना, आणि एवढ्यावरून बाळ्यानं जावयाला घराबाहेर काढलं.

अक्काला हे फोनवर कळलं.

"अक्का, घरात चोरी झालीय."

"अगंबाई! काय गेलं?"

"शाई. आणि रंग."

साठीला टेकलेल्या त्या माणसाला बाळ्या म्हणणारी आता जगात त्याची ही थोरली बहीणच उरली होती. अक्काची सगळी नोकरी एका फोटो छापणाऱ्या लॅबमध्ये गेली. मशीनमधून बाहेर आलेल्या फोटोचा रंग बघायचा आणि पास की नापास ते सांगायचं, एवढंच काम. नापास करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. अल्बमातली नवरी जरा हिरवट दिसली की अख्खा अल्बम परत जायचा आणि वर ऐकवणं, "सासरी जायच्या आधीच आजारी पाडलीत की पोरीला!" नोकरी संपली, पण डोळा काही निवृत्त झाला नाही.

सोमवारी सकाळी ती भावाच्या घरी पोचली. ज्या खोलीत त्याची लेक चिमी लहानपणी अभ्यास करायची तिथं आता प्रिंटर होता. खिडकीला जाड काळा पडदा, टेबलावर एक दिवा, शेल्फवर शाईच्या बाटल्या आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली दोरी. दोरीला चिमट्यांनी लावलेल्या प्रिंट्स. सगळ्यांत चिमीच होती. गॅलरीतल्या हिरव्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली, गळ्यात ओढणी, कुणीतरी काहीतरी बोललंय आणि हसू फुटायच्या बेतात आहे. फोटो आजारपणाच्या आधीचा. चिमीला जाऊन वर्ष झालं होतं.

अक्कानं एकवार दोरीवर नजर फिरवली आणि पटकन बाटल्यांकडे वळली. त्या प्रिंट्समध्ये काहीतरी होतं जे तिला बघवेना.

"ही बघ." बाळ्यानं टेबलावरची प्रिंट पुढे केली. मग एका चपट्या पत्र्याच्या डब्यातून घडी घातलेली ओढणी काढली, दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल उचलावं तशी. "शनिवारी या दोन्हींत सुईच्या टोकाएवढा फरक नव्हता. वर्षभर घासतोय मी यासाठी. आज घरातल्या भिंतीवर मोठा फोटो लावणार होतो. आणि आता बघ!"

अक्कानं पाहिलं. प्रिंटमधली ओढणी डाळिंबी, हातातली अंजिरी. आंधळ्यालाही कळावा असा फरक.

"मॅजेंटाची, त्या गुलाबी शाईची बाटली अर्धी रिकामी आहे. निळीही थोडी कमी झालीय. रविवारी जावई या खोलीत एकटा बसला होता. त्यानं प्रिंट बदलली नाहीतर मशीनशी खेळ केला. त्याला माझं हे काम थांबवायचंय. वेड लागलंय म्हणतो मला."

"आणि त्यानं केलं नसलं तर?"

"तर पाय धरीन त्याचे. पण त्यानं केलं असलं, तर या घराचं दार त्याला कायमचं बंद."

दारात भावजय चहा घेऊन उभी होती. लेक गेली, नवरा या खोलीत गेला; रविवारी जावई यायचा तेवढीच त्या घरात माणसाच्या आवाजाची सोय. कपातला चहा बशीत सांडला, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

"मला आजचा दिवस दे," अक्का म्हणाली. "आणि तू जरा बाहेर फिरून ये. संशयितांशी मला एकटीला बोलायचंय."

२

रंग जुळत नसला की संशयित चारच: कागद, मशीन, दिवा आणि बघणाऱ्याचा डोळा. अक्कानं चौघांनाही ओळीनं उभं केलं.

कागद आधी. प्रिंट बदलली असेल तर मागच्या बाजूला बाळ्याची पेन्सिलची सही नसणार. सही होती, आणि ती त्याचीच होती. शेवटचं अक्षर लहानपणापासून तसंच लंगडं. शाई वाळताना रंग थोडा बदलतो हेही खरं, पण ते त्यानं बहिणीकडूनच शिकून घेतलं होतं आणि प्रिंट वाळू दिल्याशिवाय तो निकाल देत नसे. कागद सुटला.

मशीन. तिनं तपासणीची पट्टी काढली. चारही रंगांच्या रेघा अखंड, कुठं तुटलेली नाही. शिवाय शनिवारीच छापून झालेली प्रिंट रविवारी मशीन कसं बिघडवणार? मशीनही सुटलं.

दिवा तोच. बल्बवरची धूळसुद्धा जुनी.

राहिला डोळा. उतारवयात मोतीबिंदू झाला की जग पिवळं दिसतं हे अक्काला ठाऊक होतं, आणि क्षणभर तिला वाटलं, सापडलं! पण मोतीबिंदू काही शनिवारी रात्री येऊन रविवारी मुक्काम करत नाही. आणि जो फरक बाळ्याला दिसत होता तो तिलाही दिसतच होता.

चौघेही निर्दोष. अक्का खुर्चीत बसली. पाचव्या संशयिताचा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही, कारण तो डब्यात घडी घालून ठेवला होता. चिमीच्या ओढणीवर कोण संशय घेणार?

आता दोरीकडे बघणं भागच होतं. जुन्या प्रिंट्स एका टोकाला, नव्या दुसऱ्या टोकाला. अक्का एकेक पाहत चालली. ओढणी हळूहळू डाळिंबी होत गेली होती. आणि ओढणीबरोबर बाकी सगळंही सरकत गेलं होतं: मागची राखाडी भिंत मळकी, दात हस्तिदंती, आणि गाल...

अक्का थांबली. मघाशी जे बघवलं नव्हतं ते हेच. शेवटच्या प्रिंटमधली चिमी पिवळी होती. लिव्हर निकामी झाल्यावर हॉस्पिटलच्या खाटेवर ती जशी पिवळी दिसायची, अगदी तशी.

३

शाईवाल्याचं दुकान कोपऱ्यावरच होतं. अक्कानं विचारायच्या आधीच तो सुरू झाला.

"आजी, बाटली मी त्यांच्यासमोर सील तोडून दिलीय. कमी भरली म्हणतात! मी काय दूधवाला आहे पाणी घालायला?"

"तुमच्यावर आळ नाही घेत मी. माझा भाऊ जास्त काय नेतो?"

"पिवळी." तो हसला. "जगात सगळ्यांची काळी आधी संपते. यांची पिवळी. मी विचारलं एकदा, काका, सूर्यफुलं छापता का? त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाहीत."

अक्काला हसू आलं नाही. म्हणजे ओढणी डाळिंबी करण्यासाठी तो पिवळी ओतत होता, आणि चोरानं मात्र पिवळीला हातही लावला नव्हता. बाटल्या विकणारा चोर चारही नेतो. चिडून नासधूस करणारा मिळेल ती ओततो. मॅजेंटा बरीच आणि निळी थोडी, असं मोजून कोण नेतं? ज्याला एखादा रंग शिजवायचा आहे तो.

जावई त्याच्या कामाच्या ठिकाणी, जिन्याखाली भेटला. वर्षभरात माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला होता.

"आत्या, मी काही केलं नाही. मी त्या खोलीत नुसता बसतो. तिथं ती इतक्यांदा असते ना."

"मग बाळ्याशी भांडण कशाचं?"

"मी त्यांना म्हटलं होतं, बाबा, पहिली प्रिंटच बरोबर होती. ओढणी अंजिरी होती. ते म्हणाले, माझ्या हातात आहे ती खोटी आणि तुझं तोंड खरं?"

"रंग लक्षात राहत नसतो हो कुणाच्या. भल्याभल्यांची फसगत होते."

"रंग नाही राहिला लक्षात. नाव राहिलंय." तो हाताच्या बोटांकडे बघत बोलला. "ओढणी मीच घेऊन दिली होती. दुकानदारानं दोन ठेवल्या समोर, डाळिंबी आणि अंजिरी. ती ठरवेचना. शेवटी म्हणाली, डाळिंबीत मी म्हातारी दिसते, अंजिरी दे. म्हातारी दिसायची भीती वाटायची तिला." एवढं बोलून तो भिंतीकडे वळला.

तिकडे बघतच त्यानं विचारलं, "रविवारी येऊ का नको, आत्या?"

"कळवते," एवढंच अक्का म्हणाली. पण परत जाताना तिची पावलं भराभर पडत होती. हातातली ओढणी आज अंजिरी होती. शनिवारपर्यंत, बाळ्याच्या प्रिंटवर विश्वास ठेवायचा तर, ती डाळिंबी होती. प्रिंट बदललीच नव्हती. बदललं होतं कापड.

४

बाळ्या परतला नव्हता. अक्कानं कपाटातून प्रिंट्सचं खोकं ओढलं. भाऊ काहीही फेकत नाही हे ती ओळखून होती. पहिली प्रिंट तळाशी सापडली. फोनमधून आली तशी, काहीही न बदलता छापलेली. पण तिचा एक कोपरा दमट होऊन फुगला होता. कुणीतरी ओल्या हातानं ती नुकतीच हाताळली होती.

अक्का ती घेऊन गॅलरीत गेली. हिरवी खुर्ची अजून तिथंच होती. उन्हानं पाठ विटली होती म्हणून तिनं खुर्ची उलटी केली आणि बुडाशी, जिथं ऊन पोचलं नव्हतं, तिथं प्रिंट धरली. हिरवा तोच. भिंतीचा राखाडी तोच. आणि चिमीचे गाल निरोगी, नुकतंच जेवून उठल्यासारखे. खुर्ची खरी, भिंत खरी, गाल खरे. मग एकट्या ओढणीनं खोटं का बोलावं?

मग तिनं डब्यातली ओढणी आणून शेजारी धरली. जुळली. आत जाऊन दिव्याखाली धरली. जुळली. पडदा सारून खिडकीत धरली. तिथंही जुळली.

दुसरा कुणी खूश झाला असता. अक्काला मात्र तिथंच संशय आला. कापडाचा रंग आणि कागदाची शाई ही वेगवेगळ्या घरची लेकरं; एका दिव्याखाली गुण्यागोविंदानं नांदली तरी दुसऱ्या दिव्याखाली भांडल्याशिवाय राहत नाहीत. उभ्या नोकरीत तिनं हे भांडण पाहिलं होतं. तीन उजेडांत तिन्ही वेळा एकमत व्हायचं तर दोघांच्या अंगात एकच रक्त हवं.

तिनं रुमालाचं टोक पाण्यात भिजवलं आणि ओढणीच्या कोपऱ्यावर चोळलं. रुमाल गुलाबी झाला. या कापडानं प्रिंटरची शाई प्यायली होती.

मग तिनं भावजयीच्या शिवणाच्या पेटीतून कात्री आणली आणि काठाची शिलाई दोन टाके उसवली. दुमडीच्या आत, जिथं शाई नीट पोचली नव्हती, कापड डाळिंबी होतं.

अक्का तिथंच खाली बसली. चिमीनं घेतली ती अंजिरी. फोटोत आहे ती अंजिरी. डब्यातली मुळात डाळिंबी. म्हणजे ती चिमीची कधीच नव्हती. बाळ्यानं वर्षभर रोज डोळ्यांत तेल घालून ज्या कापडाशी आपली लेक जुळवली, ते कुठल्यातरी दुकानातलं परकं कापड होतं.

मागं पाऊल वाजलं.

५

"शिलाई मी परत घालीन, वन्सं," भावजय म्हणाली.

अक्कानं तिच्या हाताकडे पाहिलं. नखांच्या कडांना जांभळट गुलाबी रेघ होती.

"काय म्हणून सांगितलंस त्याला?"

"मी म्हटलं, बीट किसलं."

"बीट एका धुण्यात जातं गं."

भावजय तिच्याजवळ जमिनीवरच बसली. रडली नाही. रडून रडून तिची ती वाट कधीच झिजून गेली होती.

"ह्यांच्या शर्टाच्या बाहीवर एकदा शाई सांडली होती. कितीही धुतली तरी निघेना. तेव्हाच मनात आलं होतं. पण धीर झाला नाही. शनिवारी हे म्हणाले, जुळला रंग, आता मोठा करून भिंतीवर लावतो. मी तो फोटो पाहिला. वन्सं, तुम्ही पाहिलात ना? मी कितीदा म्हटलं, अहो, तिचे गाल बघा. तर म्हणायचे, गाल मागाहून बघू, आधी ओढणी. ओढणी खोटी बोलणार नाही." ती थांबली. "खाटेवर ती तशी पिवळी पडत गेली तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. या घरात दुसऱ्यांदा मी तिला पिवळी कशी होऊ देऊ? कागद काही कापडाला सोडेना. मग म्हटलं, कापडच कागदाकडे नेऊ. पहिली प्रिंट समोर ठेवली आणि बादलीत शाई घालत गेले."

"आणि आळ जावयावर आला तेव्हा गप्प राहिलीस."

भावजयीनं मान खाली घातली. "तोंडच उघडेना. खरं सांगायचं तर नुसतं रंगवलं एवढं सांगून कुठं भागतं? पुढचंही सांगावं लागतं."

"ही ओढणी तू आणलीस."

"मीच. हे म्हणाले, फोनचे रंग खोटे असतात, तिची ओढणी दे, जुळवून छापतो. मी म्हटलं, धुवायला टाकलीय. आणि बाजारात गेले. दुकानात झगझगीत दिवे होते, त्यांत ही अंजिरी दिसली हो. शपथेवर! घरी दारात पिशवीतून काढली तर डाळिंबी. परत फिरणार तोच ह्यांनी हातातून घेतली आणि गालाला लावली. त्यानंतर काय सांगू?"

एवढी वर्षं रंग पास-नापास करणाऱ्या अक्काला दुकानाच्या दिव्याची ही लबाडी चांगली ठाऊक होती. त्या दिव्यांनी गावोगावच्या बायकांना फसवलंय. पण कुणाला एवढं महाग पडलं नसेल.

"मग खरी कुठाय?"

खाली फाटक वाजलं. बाळ्या जिना चढत होता.

"ते तुम्हाला नाही सांगायचं, वन्सं. ह्यांना सांगायचंय. वर्षभर सांगायचं राहिलंय."

६

बाळ्या आत आला. उसवलेली ओढणी, गुलाबी रुमाल, टेबलावरची पहिली प्रिंट, सगळं त्यानं पाहिलं. त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"जावईच ना?"

"नाही," अक्का म्हणाली. "जावई निर्दोष आहे. बाकीचं हिच्या तोंडून ऐक. आणि मध्ये बोलू नकोस, तुला माझी शपथ आहे."

भावजय उभी राहिली.

"अहो, ही ओढणी मी शाईत बुडवली. आणि ही तिची नाहीच. मी विकत आणली होती."

बाळ्यानं ओढणी उचलली.

"तिची तिच्याबरोबर गेली. त्या दिवशी हॉस्पिटलात तुम्ही खाली काउंटरवर सह्या करत होतात. इथं सही करा, तिथं करा, चाललं होतं तुमचं. वर ते लोक तिला न्यायला आले. पांढऱ्या चादरीत. मला ती चादर बघवेना. कुणाकुणाच्या अंगावरून आलेली ती. तिची पिशवी उशाशी होती, त्यातून मी ओढणी काढली आणि चादरीच्या आत तिला गुंडाळली. कुणाला विचारलं नाही. तुम्हालाही नाही. नंतर तुम्ही तिची एकेक वस्तू गोळा करत बसलात, तिचा कंगवासुद्धा डब्यात घातलात, आणि ओढणी मागितलीत. तुमच्या तोंडाकडे बघून मला सांगवेना, की ती मी दिली म्हणून."

खोलीत प्रिंटरचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता. अक्काला वाटलं, आता हा ओरडेल. पन्नास वर्षांपूर्वी पतंग फाटला की ओरडायचा तसा.

तो ओरडला नाही. दोरीजवळ गेला. एका प्रिंटसमोर थांबला, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. खिडकीचा पडदा अक्कानं मघाशीच सारला होता आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्या साऱ्या प्रिंट्स दिवसाच्या उजेडात होत्या.

"अक्का," तो म्हणाला, "ही पिवळी दिसतेय."

"हो रे."

"मी केली."

नापास म्हणायची तिची उभ्या आयुष्याची सवय, पण या वेळी तो शब्द जिभेवर आलाच नाही. तिनं नुसती पहिली प्रिंट त्याच्या हातात दिली. त्यानं ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली.

मग एकेक चिमटा काढून त्यानं दोरीवरच्या सगळ्या प्रिंट्स उतरवल्या आणि पालथ्या घालून ठेवल्या.

"जावयाला फोन लाव," तो बायकोला म्हणाला. "त्याला सांग, ओढणी अंजिरीच होती. मी चुकलो म्हणावं. रविवारी येऊ दे. नाही, आजच येऊ दे."

ती दाराकडे वळली. उंबऱ्यापाशी पोचली तेव्हा त्यानं हाक मारली.

"अगं..."

"काय?"

"ओढणी ती. केवढीशी असते. पुरली का गं तिला?"

भावजयीनं चौकट धरली.

"पुरली," ती म्हणाली. "खांद्यापासून पावलांपर्यंत पुरली. पोरगी राहिलीच केवढी होती."